लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावर वसवलेलं घर

मंडळी, किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आठवतो, नांगर आठवतो. आज मी पंपाबद्दल फारसं बोलणार नाहीये. मला बोलायचंय ते एका कुटुंबवत्सल माणसाबद्दल, ज्यानं कारखाना काढायच्या निमित्तानं एक गाव बांधलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीनं संपलंच की सगळं! पण यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही. ते तिकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे त्यांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होते. सायकलीचं दुकान दोघांचं. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवायची, हे काम रामूअण्णांचं. आपण इतिहासात एकट्या कर्त्या पुरुषाचं नाव घेतो, पण मला वाटतं रामूअण्णांशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. लक्ष्मणरावांचा जीव यंत्रात, आणि व्यवहार, माणसं, हिशेब सांभाळायला भाऊ.

मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला जवळपास दोन वर्षं गेली. हसू नका हं. ज्याची वर्षभराची भाकरी त्या जमिनीवर, तो घाबरणारच. आणि जरा बस्तान बसतंय तोवर नगरपालिकेनं जागा सोडायला लावली.

अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि नागांचं माळरान! १० मार्च १९१० ला काम सुरू झालं. बरोबर पंचवीस कामगार होते आणि त्यांची बायकामुलं होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसता मजूर न्यायचा असता तर झोपडी पुरली असती. बायकापोरं आली म्हणजे पाणी आलं, शाळा आली, दुखणीखुपणी आली. लक्ष्मणराव आणि राधाबाईंचा मुलगा शंतनू तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. त्यानंही हेच माळरान पाहिलं; पुढे आत्मचरित्राला नाव दिलं ‘कॅक्टस अँड रोझेस’.

वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा दंडक होता. आणि रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कुणाला ठेवावं? तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना! गावात ज्यांना कुणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर सगळी वाडी झोपायची.

आता एक गोष्ट मोकळेपणानं बोलू. मालक वडिलांसारखा असला की प्रेम मिळतं, पण वडिलांशी भांडता येतं का? पगार त्यांच्याकडून, घर त्यांचं, नियमही त्यांचेच. हा पेच खरा आहे आणि तो चांगुलपणानं सुटत नाही. तरीपण १९१० साली, औंधसारख्या लहानशा संस्थानात, दुसरं कोण कामगाराच्या मुलाबाळांचा विचार करत होतं, हेही बघायला हवं.

पुतणे शंकरराव तर चित्रकार. त्यांना लेथवर उभं न करता त्यांच्या आवडीचं काम दिलं. त्यातूनच १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक निघालं, पुढे ‘स्त्री’, मग ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्यातून मराठी घराघरांत मासिकं जायला लागली, हा योगायोग नाही. रंग न दिसणाऱ्या काकानं पुतण्याचा ब्रश सांभाळला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे. आणि ज्या बेळगावातून त्यांना कारखाना हलवावा लागला, तिथं जाल तेव्हा बघा, सायकलच्या दुकानाच्या त्या रस्त्याला अजून किर्लोस्कर रोड म्हणतात.