ओएसएसआय म्हणजे काय? वजनाच्या ऑपरेशनची रेषा कुठे आखली जाते?

ओएसएसआय म्हणजे ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडिया. लठ्ठपणावर ऑपरेशन करणाऱ्या भारतातल्या सर्जनांची ही संघटना. परिषदा, प्रशिक्षण आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ही तिची कामं. आयएफएसओ या जागतिक महासंघाशी ती जोडलेली आहे. मात्र हे सरकारी खातं नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते, सोसायटी नाही.

मग आपला संबंध येतो कुठे? बीएमआयच्या आकड्यात. म्हणजे वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग.

१९९१च्या अमेरिकी निकषांनुसार ऑपरेशनसाठी बीएमआय ४० लागायचा, सोबत आजार असेल तर ३५. २०२२ मध्ये आयएफएसओ आणि अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने नव्या सूचना काढल्या. त्यांत आशियाई लोकांसाठी २५ला लठ्ठपणा धरला, आणि २७.५च्या पुढे ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं म्हटलं. १६० सेंमी उंचीच्या माणसासाठी हा फरक साधारण १०२ किलो आणि ७० किलो एवढा आहे!

सर्जनांच्याच संघटना ही रेषा खाली आणतात, तेव्हा शंका येणं साहजिक आहे. पण आशियाई आकडा वेगळा ठेवण्याला आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला फसवतो तो असा.

खरी अडचण बिलाच्या वेळी येते. आरोग्य विम्याच्या आयआरडीएआयने ठरवलेल्या कलमात अजून जुनेच आकडे आहेत: वय किमान १८, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय आधीचे उपाय फसलेले हवेत. म्हणजे पनवेलमधल्या १६० सेंमी उंचीच्या, ७५ किलो वजनाच्या मधुमेही रुग्णाचा बीएमआय २९.३. नव्या सूचनांनुसार तो ऑपरेशनला पात्र, पण विम्याच्या या कलमात बसत नाही. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी पूर्वमंजुरी घ्या.