क्वेबेक मेजर ज्युनिअर हॉकी लीग : १९८३-८४ चा हंगाम

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९६९ पासून चालणाऱ्या ज्युनिअर आईस हॉकी साखळीचा हा हंगाम लाव्हाल व्वाझँ संघाच्या मारिओ लम्यूमुळे ओळखला जातो. त्याने ७० सामन्यांत १३३ गोल व १४९ असिस्ट मिळून २८२ गुण नोंदवले. (या खेळात गोल करणाऱ्याला एक आणि त्याला पक पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक गुण मिळतो.) अखेरच्या सामन्यापूर्वी गी लाफ्लरच्या १३० गोलांच्या विक्रमाची बरोबरी करायला त्याला तीन गोल हवे होते. लाँगई संघाविरुद्ध त्याने सहा मारले, शिवाय पाच असिस्ट दिले. लाव्हाल १६-४ ने जिंकले.

हा १६-४ आकडाच शंका उपस्थित करतो: या लीगमध्ये गोल फारच स्वस्त होते का? लीगमध्ये बचाव ढिसाळ होता, हे खरेच. पुढे जगातल्या श्रेष्ठ गोलरक्षकांत गणला गेलेला पात्रिक र्वा त्या वर्षी ग्रँबीकडून खेळत होता आणि सामन्यामागे चाराहून अधिक गोल खात होता. पण वारे सर्वांच्याच पाठीशी होते. आदल्या हंगामात त्याच वाऱ्यावर पॅट लाफाँतेनने २३४ गुण मिळवले. लम्यूने त्याच्यापुढे आणखी ४८ जोडले. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: लाफ्लरने १९७०-७१ मध्ये आपले १३० गोल ६२ सामन्यांतच केले होते, म्हणजे गोलांची सरासरी त्याचीच सरस. असिस्टमध्येही पिएर लारूशचे १९७३-७४ मधले १५७ पुढेच राहतात. तरीही दोन्ही बाजू एकत्र धरल्या तर लारूशचे ६७ सामन्यांतले २५१ गुण मागे पडतात. लम्यूची सरासरी सामन्याला चारच्या वर जाते, आणि या हंगामाचे मोल गोलांच्या विक्रमापेक्षा या बेरजेत अधिक आहे.

लाव्हालने लीगचे विजेतेपद मिळवले, पण किचनर येथे झालेल्या मेमोरियल कप या कॅनडाच्या ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धेत तिन्ही सामने हरले. कप ओटावा सिक्स्टी-सेव्हन्सने नेला. टीकाकार याकडे बोट दाखवतात. मात्र तीन सामन्यांवरून सत्तर सामन्यांचा निवाडा होत नाही. त्यापेक्षा कडक कसोटी एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगची. पिट्सबर्गने १९८४ मध्ये लम्यूला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि तिथे पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्याला दीडच्याही खाली आली. दोन स्तरांतले अंतर एवढे मोठे होते. तरी ७३ सामन्यांत त्याचे १०० गुण झाले. पदार्पणाच्या हंगामात शंभरी गाठणारे त्याआधी दोघेच होते, पीटर श्तास्नी आणि डेल हॉवरचक.