मणिबेलीच्या काठावर फाइंडर कुठला?

जुन्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांवर आपण बोलतोय. एका श्रोत्याने विचारलंय, की यशिका-मॅट १२४जी घेऊन मणिबेलीला जायचंय, तर त्यावर प्रिझम फाइंडर बसवू का? छोटं उत्तर असं, की या यशिकाचं हूड स्क्रूने पक्कं बसवलेलं असतं, अदलाबदलीसाठी ते केलेलंच नाही. पण प्रश्न मोठा आहे, म्हणून जरा मागे जाऊ.

१९२९ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हाइडेके यांनी रोलीफ्लेक्स आणला. दोन लेन्स. खालची फिल्मसाठी, वरची बघण्यासाठी. वरच्या लेन्समागे आरसा आणि त्यावर घासलेली काच. मान खाली घालून त्या काचेत बघायचं. चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. म्हणून मग सोयी जोडत गेले. ऊन अडवायला हूड, फोकसची खात्री करायला त्यात दुमडलेलं भिंग, आणि पळत्या माणसासाठी हूडची पुढची पट्टी आत ढकलली की तयार होणारी मोकळी चौकट, म्हणजे स्पोर्ट्स फाइंडर. एफ मालिकेच्या रोलीफ्लेक्सचं हूड काढून प्रिझम बसवता येऊ लागला. मामिया सी३३० ला तर प्रिझमशिवाय पोरोफाइंडरही मिळायचा. त्यात काचेच्या ठोकळ्याऐवजी आरसे असतात, म्हणून वजन कमी, पण चित्र अंधूक. स्वस्तात मिळाला म्हणून पोरोफाइंडर घेणारे संध्याकाळी पस्तावतात, हे माझं मत.

आता आपल्याकडे या. मणिबेलीहून नदीच्या खालच्या अंगाला केवडिया आणि पुढे बडोदा. याच बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फा क्लिक थ्री बनवला. १२० फिल्म, बारा चौकोनी फोटो, आणि डोळ्याला लावायचं साधं भोक. ना काच, ना भिंग, ना ॲक्सेसरीची भानगड. कितीतरी मराठी घरांतल्या लग्नामुंजीचे चौकोनी फोटो त्यातनं आलेत. आणि याच बडोद्यात होमाई व्यारावाला यांनी उतारवयातली वर्षं काढली. मुंबईत जे.जे. मध्ये शिकलेल्या, रोलीफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक वापरणाऱ्या, १९७० मध्ये काम थांबवलेल्या.

मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या उतारावर. नेहरूंनी १९६१ मध्ये केवडियाला पायाभरणी केली. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात सगळ्यात आधी चढलं ते याच गावात. १९९३ च्या पावसाळ्यात घरं गेली. जवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्याखाली गेलं. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १९९८ चा. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवावं अशी मागणी जगभरच्या संघटनांनी केली, आणि त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरलं.

हे फाइंडरशी कसं जुळतं? या गावाकडे बाहेरची माणसं मोजायला आली, नोटिसा द्यायला आली, बंदोबस्ताला आली. अशा ठिकाणी कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्यावर रोखणं आणि कमरेशी धरून मान झुकवणं, यात फरक आहे. कमरेशी धरला की तुमचा चेहरा उघडा राहतो. मान वर करून बोलता येतं. म्हातारी आजी खाटेवर बसली असेल तर लेन्स आपसूक तिच्या पातळीला येते. प्रिझममध्ये हे जातं, वर वजन वाढतं ते वेगळंच. अर्थात झुकून, न सांगता चोरून फोटो काढायलाही हेच हूड सोपं पडतं. तेव्हा आधी विचारा, मगच काढा.

होडीत मात्र हूड दगा देतं. समोरची होडी उजवीकडे निघाली की काचेत ती डावीकडे पळते आणि हात चुकीकडे वळतो. तिथे स्पोर्ट्स फाइंडरची चौकट उघडा, फोकस आधीच अंतराच्या आकड्यावर लावून ठेवा आणि छिद्र जरा बारीक करा. जवळून चेहरा घेताना वरच्या लेन्सला दिसतं ते खालच्या लेन्सला तसंच दिसत नाही. डोक्यावर थोडी जागा सोडाच.

म्हणजे या श्रोत्याला माझा सल्ला असा: प्रिझमवर पैसे घालू नका. आहे त्या हूडमधलं भिंग नीट उभं राहतंय का बघा. काच धुरकट वाटली तर खालचा आरसा तपासून घ्या. त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, म्हणून रुमालाने पुसायचा नाही, नुसती हवा मारायची. चष्मा असेल तर भिंगाला डोळा लावून घरीच एक रोल घालवा. उरलेल्या पैशांत आणखी फिल्म घ्या. एका रोलमध्ये बाराच फोटो मिळतात, आणि पाण्याची पातळी दर मोसमात बदलते. यंदा दिसणारा काठ पुढच्या खेपेला त्याच जागी असेलच असं नाही.