चूल राखावी की काढावी?

राजाजीनगरातील आमच्या जुन्या घराची डागडुजी गेल्या पावसाळ्यानंतर काढली, तेव्हा गवंड्याने पहिलाच प्रश्न केला तो मागील स्वयंपाकघरातील चुलीविषयी. विटांच्या ओट्यावर घातलेली मातीची चूल, तिला जोडून वैल, आणि वर मंगळुरी कौलांतून बाहेर गेलेले विटांचे धुराडे, असा हा संसार. धुराड्याच्या बुडाशी भेग पडली होती आणि चुलीचा एक कान ढासळला होता. बंगळूरच्या पश्चिमेस हे उपनगर १९४९ च्या सुमारास वसू लागले व त्याला राजाजींचे नाव मिळाले. पुढे काही वर्षांनी आजोबा बेळगावाकडून नोकरीसाठी येथे आले आणि त्यांनी हे घर बांधले. वडिलांचे म्हणणे असे की, चूल आजोबांच्या वेळची आहे, ती होती तशी दुरुस्त करावी. काकांचे म्हणणे असे की, तीस वर्षांहून अधिक काळ जी पेटली नाही तिच्यासाठी जागा अडविण्यात अर्थ नाही. ती पाडून तेथे कपाट करावे. दोघेही मजकडे पाहू लागले.

आम्ही पडलो कारकून. कोणतेही प्रकरण पुढे आले की आधी पूर्वदाखले पाहायचे आणि मग टिपणी लिहायची, ही आमची रीत. तेव्हा चुलीचेही पूर्वदाखले पाहावे असे मी ठरविले.

पहिला दाखला आपल्या भाषेचाच. भाऊ विभक्त झाले की आपण ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतो. घरच्या सर्वांना जेवावयास बोलवायचे तर ते आमंत्रण ‘चूलबंद’ होते. आणि दुसऱ्याच्या घरचे उणे काढू लागलो की कोणीतरी ‘घरोघरी मातीच्या चुली’ याची आठवण देतोच. चूल म्हणजे घर, हे समीकरण केवळ म्हणींपुरते नाही. आपल्या जनगणनेत कुटुंब मोजतात तेही सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणारी माणसे म्हणून. इंग्लंडात १६६२ साली राजाने चुलीवरच कर बसविला. दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग असा तो दर होता. मोजणीसाठी सरकारी माणूस घरात शिरत असल्यामुळे लोक इतके संतापले की १६८९ मध्ये तो कर उठवावा लागला. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी नकळत जीवहिंसा घडण्याची जी पाच ठिकाणे सांगितली आहेत, त्यांतही पहिली चुल्लीच. चुलीचे मोल आणि चुलीचा दोष ही दोन्ही पूर्वजांना ठाऊक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा दाखला मातीतला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांत चुली सापडल्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांशी आपले नाते सांगणारी यासारखी दुसरी खूण क्वचितच मिळेल. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चुलीची रीत प्राचीन असते; चूल मात्र कधीच प्राचीन नसते. कच्च्या मातीची चूल तापून तडकते, उतू गेलेल्या भाताच्या पाण्याने विरघळते. रोज पोतेऱ्याने ती सारवायची आणि फारच खचली की मोडून नवी घालायची, हाच तिचा धर्म. ज्या हातांनी ती घातली जाई त्याच हातांनी ती मोडलीही जाई.

युरोपातील भिंतीतल्या आगटीची गोष्ट निराळी. ती दगडाविटांची, घराबरोबर बांधलेली आणि घराइतकीच टिकणारी. १८०९ मध्ये बंगळूरला इंग्रजांची लष्करी छावणी आली आणि तिच्याबरोबर साहेबांच्या बंगल्यांत अशा आगट्याही आल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरील या गावी हिवाळ्याच्या रात्री त्यांचा थोडाबहुत उपयोगही होत असावा. जुनी आगटी जपावी की बदलावी, हा प्रश्न त्या देशांत फार पूर्वीच उठला होता. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ साली त्यावर निबंध लिहिला आणि तिसरीच वाट दाखविली. आगटी पाडू नका. तिची खोली कमी करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा आणि धुराड्याचा गळा अरुंद करा. म्हणजे धूर वर जाईल आणि ऊब खोलीत येईल. जुने राखूनही त्यातील दोष काढता येतो, हा त्याचा धडा.

आपल्याकडे मात्र धुराला वाट करून देण्याचा विचार फार उशिरा झाला. कौलांच्या फटींतून जाईल तेवढा धूर जावा आणि उरलेला बाईच्या डोळ्यांत जावा, अशीच व्यवस्था. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघराची योजना मांडली. आमच्या राजाजीनगरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग निघाला. तेथेच १९८० नंतरच्या वर्षांत ‘अस्त्र ओले’ तयार झाली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. जाळ चोहोंकडून बंद, खालून जाळीतून हवा, आणि तापलेला वायू तीन भांड्यांखालून फिरवून मग धुराड्यात सोडायचा, अशी तिची रचना. साध्या चुलीत सरपणाच्या उष्णतेपैकी शेकडा दहाच्या आसपास उष्णता भांड्याला लागते. या रचनेत ती कितीतरी वाढली.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि तीन कोटींहून अधिक चुली घरोघर बसविल्या गेल्या. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. पण पुढील पाहण्यांत आढळले की, त्यांतील पुष्कळ चुली मोडल्या किंवा वापरातून गेल्या. भांडे तोंडावर नीट बसेना, धुराडे काजळीने तुंबले, आणि ते साफ कोणी करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. साधी चूल मोडली तर घरची बाई ती दुपारच्या वेळात पुन्हा घालीत असे. सुधारित चूल मोडली तर ती सरकारची होती. ज्या हातांनी ती वापरायची त्या हातांना कोणी विचारले नव्हते. अखेर पुष्कळ घरांत प्रश्न सोडविला तो गॅसने. १९५५ मध्ये मुंबईत तो प्रथम विकला जाऊ लागला आणि २०१६ नंतर उज्ज्वला योजनेने तो खेड्यापाड्यांत गेला. तरीही घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

एवढे दाखले जमवून मी टिपणी लिहावयास बसलो आणि लेखणी थांबली. जी चूक सरकारी कार्यक्रमाने केली तीच आम्ही तिघे पुरुष घरात करीत होतो. त्या चुलीपुढे सात वर्षे बसलेल्या आईला कोणीच विचारले नव्हते.

आई म्हणाली, “आजोबांच्या वेळची चूल कुठली रे? लग्न होऊन आले तेव्हापासून दर वर्षी मीच जुनी मोडून नवी घालीत असे. गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. तो आला तेव्हा जी होती, ती ही. हिच्या आधीच्या किती गेल्या, त्यांचे कोणाला काय वाटले? खुशाल काढा. पण धुराडे पाडू नका.”

ते का, असे विचारता तिने सांगितले की, आजोबांनी घर बांधले तेव्हा धुराडे नव्हतेच. पहिल्या दोन पावसाळ्यांत आजीचा खोकला हटेना. मग एके दिवशी तिने चूल पेटविलीच नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी आजोबा गवंडी घेऊन आले. वडील तेव्हा लहान होते. त्यांना यातील काहीच आठवत नव्हते. काका तर जन्मले नव्हते. आजीने ही हकीकत सुनेलाच तेवढी सांगितली होती.

आम्ही चूल काढली. तिची माती परसातील कढीपत्त्याच्या आळ्यात गेली. धुराड्याची भेग बुजविली, आतील काजळी खरवडून काढली, आणि त्याच्या खाली आता गॅसची शेगडी ठेवली आहे. फोडणीचा खाट त्याच वाटेने वर जातो. आमच्या घरातील जपण्याजोगी वास्तू कोणती, हे ठरविण्यास इतके पूर्वदाखले धुंडाळण्याची गरज नव्हती. आईला आधी विचारले असते तरी पुरे होते. वडिलांनी टिपणीवर सही केली आणि प्रकरण निकालात निघाले.