दाब ठरवायला जागायचं कोणी?

मास्कमधून सतत दाबाची हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या पडद्यावर ९ दिसतं, तेव्हा तो दाब ९ सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. वातावरणाच्या दाबाचा हा एक टक्काही नाही. पण झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवायला तो पुरतो. नेमका किती दाब पुरेल, हे झोपलेल्या माणसाला सांगता येत नाही. त्याच्यासाठी कोणाला तरी जागावं लागतं.

नुसता दाब देण्याची युक्ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर पोल्टन यांनी १९३६ साली फुप्फुसांत पाणी साचलेल्या हृदयरुग्णांना व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्लोअरची हवा मास्कमधून दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी असा सततचा दाब अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरला. ते १९७१ साली प्रसिद्ध झालं. स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या, गंभीर रुग्णांसाठी मात्र तेव्हा खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं.

जून १९८० मध्ये सिडनीत अशाच एका रुग्णाला ही शस्त्रक्रिया नको होती. डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी त्याच्या नाकाला मास्क लावून ब्लोअर सुरू केला. दाब वाढवला की श्वास मोकळा व्हायचा, उतरवला की पुन्हा अडायचा. डॉक्टर बटण फिरवत राहिले आणि रुग्ण गाढ झोपला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा पाच रुग्णांची हकिगत आली, त्यांना लागलेला दाब ४.५ ते १० सेंटीमीटर होता.

पुढे हे जागरण स्लीप लॅबमधल्या टेक्निशियनकडे गेलं. ४ पासून सुरुवात करायची, निदान पाच मिनिटं पाहायचं, मग एकाने वाढवायचं; श्वास थांबणं आणि घोरणं मिटेपर्यंत. मोठ्यांसाठी कमाल मर्यादा २०. अमेरिकेत २००८ साली ही पद्धत लेखी नियमांत आली. पण उताणं झोपल्यावर किंवा स्वप्नांच्या झोपेत जास्त दाब लागू शकतो. एका रात्रीत सापडलेला आकडा रोज पुरेलच असं नाही.

मग पहारा यंत्राकडे आला. घसा पूर्ण मिटण्याआधी अरुंद होतो, तेव्हा श्वासाच्या आलेखाचा माथा चपटा दिसतो. ही खूण ओळखून दाब आपोआप बदलणारी यंत्रं १९९० च्या दशकात आली. आता डॉक्टर एका आकड्याऐवजी किमान आणि कमाल मर्यादा ठरवून देऊ शकतात.

यंत्राने ठेवलेली रात्रीची नोंद सकाळी हाती येऊ लागल्यावर काही रुग्ण या मर्यादा स्वतःच बदलू लागले. किमान दाब फार कमी ठेवला, तर यंत्र वर चढेपर्यंत घसा मिटून गेलेला असतो. फार वाढवला, तर मास्कमधून हवा गळते, पोटात हवा भरते आणि काहींच्या बाबतीत मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबतो. म्हणून बदल डॉक्टरांना विचारून, थोडा थोडा करावा आणि काही रात्रींची नोंद पाहूनच पुढे जावं. दुपारी डोळा लागतो का, गाडी चालवताना पेंग येते का, याची नोंद मात्र यंत्र ठेवत नाही. ती रुग्णानेच डॉक्टरांना द्यायची असते.