मानेसरच्या वाटेवरची मटकी

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राजमार्गावर गुडगाव मागे पडून मानेसर यायच्या आत खेडकी दौला नावाचे एक गाव लागते. तेथील पथकराच्या नाक्यावर ज्यांचा वेळ गेला आहे त्यांना ते गाव त्याच कारणासाठी स्मरते. परंतु उत्तरेत संसार थाटलेल्या मराठी गृहस्थाच्या घरी हे नाव त्याआधीच भुजियाच्या पुडीवरून शिरलेले असते, कारण पुडीच्या पाठीवर जी बारीक अक्षरे आपण सहसा वाचत नाही, त्यांत हल्दीरामच्या कारखान्याचा पत्ता म्हणून खेडकी दौला कित्येक वर्षे छापले जात आले आहे.

अरवलीच्या पायथ्याचा हा मुलूख मूळचा रेताड आणि कोरडवाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर शिंद्यांचा अंमल होता, आणि तो संपला तोही आपल्या वऱ्हाडात: ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंद्यांनी ज्या तहावर संमती दिली, त्या तहान्वये यमुनाकाठचे हे परगणे कंपनी सरकारच्या दप्तरी दाखल झाले. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे मानेसरच्या वाट्याला शेतसारा आणि पावसाची प्रतीक्षा यांपलीकडे फारसे काही आले नाही. मग हरियाणा सरकारच्या औद्योगिक महामंडळाने येथे नमुनेदार औद्योगिक वसाहत आखली, मारुतीचा मोटार-कारखाना आला, आणि शेताच्या बांधांवरून सहापदरी रस्ता गेला.

या रस्त्यावर भुजिया कोठून आली, हे पाहण्यासाठी बिकानेरला जावे लागते. महाराज डुंगरसिंहांच्या कारकिर्दीत, १८७७ च्या सुमारास, तेथील मुदपाकखान्यात ती प्रथम झाली असे परंपरा सांगते. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगाबिशन अग्रवाल, ज्यांना घरात ‘हल्दीराम’ म्हणत, त्यांनी बेसनाच्या जाड शेवेऐवजी मोठाच्या पिठाची केसासारखी बारीक शेव पाडली, तिला महाराजांचे नाव दिले, आणि दोन पैसे शेराचा माल पाच पैशांना विकण्याचे धाडस केले, असे या घराण्यात सांगतात. मोठ म्हणजे आपली मटकी. आपण जिला मोड आणून उसळीत घालतो, ती मटकी मरुभूमीच्या वाळूत अल्प पर्जन्यावर उत्तम येते. तिच्या पिठाला एक खमंग कुरकुरीतपणा असतो, जो हरभऱ्याच्या पिठाला लाभत नाही. भाव अडीचपट करूनही गिऱ्हाईक टिकले, याचे श्रेय मी चातुर्यापेक्षा या कडधान्याला अधिक देईन.

कुटुंब वाढले तशी दुकाने वाढली. पन्नाशीच्या दशकात एक शाखा कलकत्त्यास गेली; सत्तरीच्या सुमारास गंगाबिशन यांचे नातू शिवकिसन नागपुरात स्थिरावले; त्यांचे धाकटे बंधू मनोहरलाल आणि मधुसूदन यांनी १९८३ च्या आगेमागे दिल्लीच्या चांदणी चौकात बस्तान मांडले, आणि पुढच्याच वर्षीच्या दंगलीत ते दुकान जळाल्यावर पुन्हा उभे केले.

नागपूरचा अध्याय आपल्याला विशेष जवळचा. बिकानेरची कृती घेऊन आलेल्या माणसाने परक्या गावी तीच एक कृती विकत बसावे हे स्वाभाविक होते. पण नागपूरच्या दुकानाची कीर्ती पसरली ती संत्रा बर्फीने. ज्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०३ च्या युद्धात शिंद्यांच्या खांद्याला खांदा लावला, त्यांनीच औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणून नागपुरास आपल्या बागेत लावली असे म्हणतात. त्या फळाची प्रकृती मोठी लहरी. आंबिया बहाराचे संत्रे किंचित आंबट, मृग बहाराचे अधिक गोड. बर्फी मात्र बारमाही एकाच चवीची हवी. हलवायाला हा प्रश्न कढईपाशी, जिभेवर थेंब घेऊन सोडविता येतो. पण मटकीची पोती गाड्यांच्या गाड्यांनी येऊ लागली, यंत्रे चोवीस तास चालू लागली, की जीभ पुरत नाही. मग पिठातला ओलावा मोजणे, तेल किती वेळा तापले त्याची नोंद ठेवणे, पुडीतली हवा काढून नायट्रोजन भरणे, जेणेकरून शेव खवट होऊ नये, ही कामे प्रयोगशाळेकडे आणि रोजकीर्दीसारख्या काटेकोर नोंदवह्यांकडे जातात. मालकाच्या डोळ्याचे अधिकार असे दप्तराकडे सोपविणे हीच माझ्या मते या धंद्याच्या वाढीतली सर्वांत अवघड पायरी आहे. अनेक नामांकित हलवाई तिच्यावरच थबकले, आणि त्यांत लाजिरवाणे काही नाही.

सरकारचे लक्षही बराच काळ फार तीक्ष्ण नव्हते. भेसळप्रतिबंधक कायदा १९५४ सालचा. तरीही १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने जलशोफाची साथ पसरून अनेक माणसे दगावली, तेव्हा कोठे सुट्या तेलावर निर्बंध आले. बंद पुडीविषयीचा विश्वास लोकांत दृढ झाला, त्याला ही भीतीही कारण असावी. २००६ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला. पुडीलाही मात्र जाब द्यावा लागतोच: २०१५ साली अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने हल्दीरामचा काही माल कीटकनाशकांच्या अंशांवरून नाकारल्याची वार्ता आली, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने येथील मालाची तपासणी केली, आणि तो सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. शेतात फवारलेले औषध कढईत शिरते, तेव्हा कारखानदाराला जिन्नसाची राखण शेताच्या बांधापासून करावी लागते, हा धडा मात्र त्यातून सर्वांनाच मिळाला.

२०१० साली ‘बिकानेरी भुजिया’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव आता बिकानेर प्रदेशात बनलेल्या मालालाच लावता येते, मग मानेसरच्या वाटेवर त्याच मटकीची कितीही उत्तम शेव पडो. पुढे २०२३ मध्ये दिल्ली आणि नागपूर या दोन शाखांच्या बंद पुडीच्या व्यवसायांच्या विलीनीकरणास स्पर्धा आयोगाने मान्यता दिली: दिल्लीचा हिस्सा ५६ टक्के, नागपूरचा ४४. दोन वर्षांनी सिंगापूरच्या टेमासेकने त्यात सुमारे एक दशांश भाग घेतला. दोन्हीकडची उपाहारगृहे मात्र या कराराबाहेर राहिली. ती दिल्लीची दिल्लीकडे आणि नागपूरची नागपूरकडेच आहेत.