मुकादमाविना मस्टर

कामगाराची ओळख त्याच्या खिशात नसते, ती कारखान्याच्या मस्टरवर असते. मुकादमाने नाव खोडले की माणूस दाराशी उभा असूनही हजर नसतो. मस्टर कोणाच्या ताब्यात, यासाठी आम्ही चळवळीतल्या लोकांनी आयुष्ये घालविली. म्हणून संगणकाच्या जगात मुकादमाविना मस्टर उभारण्याचा जो प्रयत्न चालला आहे, त्याचा इतिहास आपल्यापुढे ठेवतो.

माणूस दोन किल्ल्या बनवितो. गुप्त किल्लीने तो सही करतो, उघड किल्लीने जग ती पडताळते. विकेंद्रित ओळखचिन्ह म्हणजे अक्षरांची एक माळ; तिच्यावरून आज चालू असलेली उघड किल्ली सापडली पाहिजे. ही जोडणी लिहायची कोठे, आणि किती?

अमेरिकेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये एक युक्ती मांडली. दस्तऐवज द्यायचाच नाही. त्याचा गणिती ठसा तेवढा द्यायचा आणि प्रत्येक ठसा मागच्यात गुंफायचा. १९९५ पासून आठवड्याचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. अंक घरोघर गेल्यावर खाडाखोड कोण करणार? बिटकॉइनची साखळी याच कल्पनेवर २००९ मध्ये उभी राहिली.

२०११ मध्ये नेमकॉइन निघाले. त्यात नावेच साखळीवर लिहीत. जो पहिला येईल त्याचे नाव. २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा सुमारे १ लाख २० हजार नावांपैकी खऱ्या उपयोगात अवघी २८ आढळली. मुकादम गेला आणि जागा अडविणारा दलाल आला! पुढच्यांनी सोप्या नावाचा हट्ट सोडला, तो याच अनुभवामुळे शहाणपणाचा ठरला असे मी म्हणेन.

इथेरियमवर २०१८ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत ओळखचिन्ह काढायला छदामही लागत नाही, कारण आरंभी साखळीवर काही लिहायचेच नसते. किल्ली बदलायची झाली तरच नोंद, आणि नोंदीची फी. कागदावर हे न्याय्य दिसते. पण किल्ली बदलण्याची पाळी येते ती बहुधा चोरीच्या भयाने, आणि फी तर गर्दीप्रमाणे चढते. हातावर पोट असणाऱ्याने गर्दी ओसरण्याची वाट पाहावी, तोवर चोराने सह्या करीत सुटावे!

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये बिटकॉइनवर चालू केलेल्या आयनमध्ये हा भार वाटून घेतला. दहा हजारांपर्यंत नोंदींचा गठ्ठा बांधायचा. साखळीवर गठ्ठ्याचा ठसा, गठ्ठा मात्र बाहेर. ठसा अक्षय राहिला, पण गठ्ठा जपण्याची सक्ती कोणावरच नव्हती. कोणी ठसा नोंदवून गठ्ठा दडविला आणि दोन वर्षांनी बाहेर काढला, तर मधला इतिहास फिरतो. असे ओळखचिन्ह दुसऱ्याच्या हवाली करणे भरवशाचे नाही.

मग सगळेच साखळीवर कोरावे काय? कोरलेले पुसता येत नाही. युरोपात २०१८ पासून लागू झालेला कायदा नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो. त्या हक्काचे मोल काळ्या यादीत नाव गेलेल्या कामगाराला विचारावे.

जुलै २०२२ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्टियमने या चिन्हांचा मानदंड ठरविला, तो गूगल, ॲपल आणि मोझिला यांचे आक्षेप बाजूला सारून. मोझिलाने काही साखळ्या खातात त्या विजेवरही बोट ठेवले होते; ते मला पटते. मानदंडात साखळीची सक्ती नाही. एका पद्धतीत उघड किल्ली हेच ओळखचिन्ह. वही नाही, फी नाही. मात्र किल्ली चोरीस गेली तर ओळखच टाकून द्यावी लागते.

ब्लूस्काय या समाजमाध्यमाने तात्पुरती सोय म्हणून मध्यवर्ती वहीच ठेवली. तीत प्रत्येक बदलाला किल्लीधारकाची सही आणि मागच्या नोंदीचा ठसा लागतो, त्यामुळे वहीवाल्याला खोटी नोंद घुसडता येत नाही. नोंद घेण्याचे नाकारणे मात्र त्याच्या हाती आहे.